मौन, कोलाहल आणि संमती : पॅकेज साधनांच्या निवेदनशैलीची समीक्षा

प्रस्तावना : संगणकावर सॉफ्टवेअर बसविणारी कमांड लाइनवरील पॅकेज साधने केवळ काम करीत नाहीत, आपण काय करणार आहोत याचे लेखी निवेदनही ती वापरकर्त्यासमोर ठेवतात. हे आउटपुट म्हणजे एक प्रकारचे गद्यच होय आणि त्याची समीक्षा गद्य म्हणून होणे आवश्यक आहे. नवी मुंबईतील अध्यापकांना हा विषय परका नाही. सी-डॅक या संस्थेचे मुंबई केंद्र खारघर येथेही कार्यरत असून, याच संस्थेने विकसित केलेली व २००७ मध्ये प्रथम प्रसृत झालेली ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली डेबियनवर आधारित आहे. साहजिकच तिच्यातही पॅकेजचा कारभार ‘एपीटी’ या साधनाकडे आहे. प्रस्तुत लेखात त्याच साधनाच्या निवेदनशैलीचे परीक्षण केले आहे.

विवेचन : युनिक्स परंपरेचा कल मौनाकडे आहे. काम निर्विघ्न पार पडल्यास साधनाने बोलू नये, असा तेथील संकेत आहे. एपीटीमध्ये या मौनाच्या दोन पायऱ्या आहेत. ‘क्यू’ हा पर्याय एकदा दिल्यास प्रगतीदर्शक गाळले जातात. तोच दोनदा दिल्यास मात्र केवळ शब्द कमी होत नाहीत. साधनाच्या नेहमीच्या प्रश्नांना ‘होय’ हे उत्तरही गृहीत धरले जाते. साधनाची माहितीपुस्तिकाच याविषयी सावध करते. मौन हे संमतीचे लक्षण मानले जाते, ते असे. वस्तुतः शांतता मागणे आणि अधिकार सोपविणे या दोन भिन्न कृती आहेत.

दुसरे टोक कोलाहलाचे. २०२१ मध्ये लायनस सेबॅस्टियन या यूट्यूबकर्त्याने ‘पॉप ओएस’वर ‘स्टीम’ बसविताना, पॅकेजमधील दोषामुळे, एपीटीने डेस्कटॉपचे आवश्यक घटकच काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला. धोक्याची सूचना पडद्यावर होती. संमतीसाठी पूर्ण वाक्य टंकावे लागत होते. तरीही पॅकेजनामांच्या दाटीत सूचनेचा अर्थ पोचला नाही, वाक्य टंकले गेले आणि डेस्कटॉप नाहीसा झाला. दोष वाचकाचा, असे कोणी म्हणेल. परंतु सातबाऱ्यावरील बोजा ‘इतर हक्क’ या ठरलेल्या रकान्यात असतो, म्हणूनच जाणता वाचक प्रथम तेथे पाहतो. सूचनेला अशी ठरलेली जागा न देणाऱ्या मजकुराने वाचकाला दोष देणे न्याय्य नव्हे.

२०२५ मध्ये आलेल्या एपीटी ३.० ने यादी स्तंभांत मांडली आणि काढल्या जाणाऱ्या पॅकेजना लाल रंग देऊन शेवटी, म्हणजे प्रश्नाच्या निकट, आणले. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. मात्र केवळ रंगावर विसंबणे पुरेसे नाही. रंगभेद न जाणवणाऱ्या वाचकाला स्थान आणि शब्द यांचाच आधार असतो.

निष्कर्ष : उपयुक्त व अतिरिक्त यांतील सीमा ओळींच्या संख्येने ठरत नाही. जी कृती मागे घेणे कठीण, तिला निवेदनात स्वतंत्र व ठरलेले स्थान हवे. उरलेले संक्षेपाने सांगता येते. ही जबाबदारी अध्यापकांवरही येते. प्रात्यक्षिकाच्या हस्तपुस्तिकेत संमतीचा ‘वाय’ पर्याय आधीच छापलेला असेल, तर विद्यार्थ्याला थांबून वाचण्याचे कारणच उरत नाही. त्याऐवजी ‘एस’ हा पर्याय देऊन प्रथम केवळ रंगीत तालीम घ्यावी, निवेदन वाचवून घ्यावे आणि मगच संमती द्यावयास शिकवावे.