लोथलची गोदी: फोरामिनिफेरा नेमकं काय सिद्ध करतात?

संशोधन-प्रस्ताव लिहायला बसलेल्यांनी एक जुना युक्तिवाद नीट तपासून बघावा. तो आहे गुजरातेतल्या हडप्पाकालीन लोथलचा. तिथलं विटांचं आयताकृती बांधकाम सुमारे २१५ मीटर लांब आहे. १९५५ पासून उत्खनन करणाऱ्या एस. आर. राव यांनी त्याला गोदी म्हटलं. १९६८ मध्ये लॉरेन्स लेश्निक यांनी हरकत घेतली: हा गोड्या पाण्याचा तलाव असावा. मग १९८८ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या राजीव निगम यांनी तिथल्या गाळातले फोरामिनिफेरा पुढे केले आणि गोदीच्या बाजूनं कौल दिला.

फोरामिनिफेरा म्हणजे एकपेशीय जीव. बहुतेक एक मिलिमीटरपेक्षा लहान आणि मुख्यतः खाऱ्या किंवा मचूळ पाण्यात राहणारे. जीव मरतो, कवच गाळात उरतं.

या कामाचं मला आवडणारं बलस्थान म्हणजे प्रश्नाची मांडणी. दोन मतं असतील, तर दोन्हींतून वेगवेगळं भाकीत निघालं पाहिजे. निव्वळ गोड्या पाण्याच्या तलावात ही कवचं सापडायला नकोत. ती सापडली, म्हणजे तलावाची बाजू लंगडी पडली. इथपर्यंत ठीक.

पण पुढची उडी मोठी आहे. कवचं सांगतात की खारं पाणी आत आलं. जहाजं आली का, हे त्यांना विचारून उपयोग नाही! खाडीला जोडलेल्या कुठल्याही खोलगट जागेत ती सापडू शकतात. त्यात खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक १० मीटरच्या आसपास जातो. इतक्या जोराच्या पाण्याबरोबर मेलेली कवचंही दूरवर वाहत येतात.

म्हणून असा पुरावा वाचताना तीन गोष्टी बघा. पिल्लं आणि प्रौढ, दोन्ही आकारांची कवचं आहेत, की सगळी एकाच मापाची, म्हणजे पाण्यानं चाळून आणल्यासारखी? भिंतींच्या बाहेरच्या गाळातही तीच आहेत का? आणि कवचांचा थर वापराच्या काळातला आहे, की वस्ती ओस पडल्यानंतरचा?

गोदीचं मत यामुळे खोटं ठरत नाही. फक्त त्याला वेगळा आधार लागतो: प्रवाहाचा जुना मार्ग, तोंडाची रचना, व्यापाराच्या वस्तू. तुमच्या प्रस्तावातही 'यावरून दिसतं की' असं लिहाल, तिथे थांबा आणि मोजा. पुरावा आणि निष्कर्ष यांच्यामध्ये किती पायऱ्या गाळल्यात?