तीन कंठांचा गायकवृंद

रॉक संगीत हा शब्द उच्चारला की आपल्या समाजातील अनेक वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटते. ती सर्वस्वी निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. तथापि, ज्या कलावंताच्या आवाजाला पहिले वळण सातारा जिल्ह्यातील एका ख्रिस्ती शाळेच्या गायकवृंदात लागले, त्याची ध्वनिमुद्रिते न ऐकताच बाजूला सारणे हा समीक्षेच्या दृष्टीने अन्याय होय. आमचा रोख फ्रेडी मर्क्युरी आणि त्याच्या ‘क्वीन’ या बँडकडे आहे.

१९४६ साली झांझिबारमधील पारशी कुटुंबात जन्मलेला फरोख बलसारा लहानपणीच पाचगणीच्या सेंट पीटर्स या अँग्लिकन परंपरेच्या निवासी शाळेत आला. तेथे तो पियानो शिकला, गायकवृंदात गायला आणि १९५८ च्या सुमारास चार मित्रांसह त्याने ‘द हेक्टिक्स’ हा बँड उभारला. त्या बँडचा मुख्य गायक तो नव्हता. पियानो वाजवीत तो इतरांच्या सुरात सूर मिळवीत असे. १९६४ मध्ये त्याचे कुटुंब इंग्लंडला गेले. १९९१ मध्ये त्याचा अंत्यविधी झाला तो पारशी पद्धतीने. त्याला ओढूनताणून ख्रिस्ती ठरविण्याचा खटाटोप आम्ही करणार नाही. प्रश्न एवढाच, की त्याच्या गीतांत प्रार्थना आहे काय, आणि असल्यास स्टुडिओने तिचे काय केले?

‘क्वीन’चा पहिला अल्बम जुलै १९७३ मध्ये निघाला. लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत इतरांची कामे नसत अशा अवेळी, मिळेल तेवढा वेळ पदरात पाडून त्याचे बरेचसे मुद्रण झाले. त्यात मर्क्युरीने लिहिलेले ‘जीझस’ नावाचे गीत आहे. गर्दी, भिकारी, कुष्ठरोगी, ताऱ्यामागून निघालेले ज्ञानी पुरुष अशी शुभवर्तमानातील चित्रे त्यात एकामागून एक येतात. सामूहिक स्वरांचा घोषही दमदार आहे. तरीही गीताचा निवेदक गर्दीच्या कडेलाच उभा राहतो. तो येशूला पाहतो, येशूशी बोलत नाही. नाताळच्या गोठ्यापाशी क्षणभर थबकून पुढे जाणाऱ्या वाटसरूसारखे हे गीत आहे. त्यात वर्णन आहे, प्रार्थना नाही.

प्रार्थना येते ती तीन वर्षांनी, डिसेंबर १९७६ च्या ‘अ डे ॲट द रेसेस’ या अल्बममधील ‘समबडी टू लव्ह’ या गीतात. दिवसभर राबून थकलेला, एकाकी माणूस गुडघे टेकतो आणि देवालाच जाब विचारतो. स्तोत्रसंहितेतील विलापस्तोत्रे ज्याने वाचली आहेत, त्याला हा सूर परका वाटणार नाही. अरिथा फ्रँकलिन या गायिकेच्या आणि आफ्रिकी-अमेरिकन चर्चमधील गॉस्पेल गायनाच्या प्रभावाखाली मर्क्युरीने ही रचना केली. तीत भलामोठा गायकवृंद ऐकू येतो; प्रत्यक्षात गाणारे तिघेच आहेत, मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर. तिघांनी एकेक ओळ पुन्हा पुन्हा गायची, प्रत्येक वेळचा आवाज फितीवरील वेगळ्या पट्टीत साठवायचा आणि भरलेल्या पट्ट्या एकत्र करून नव्या आवाजांना जागा करायची, अशी ही पद्धत. आदल्या वर्षीच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या ऑपेरासदृश भागासाठी अशाच रीतीने सुमारे तीन आठवडे खर्ची पडले होते.

या तंत्राची आमच्या मातीतील कसोटी हवी असेल तर फार दूर जावे लागत नाही. पाचगणीच्या पठारावरून दिसणारी कृष्णा खाली उतरून सांगलीला पोहोचते, आणि तेथून जवळच मिरज. मिरजेत वास्तव्य केलेल्या उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या वाट्याला आलेली तबकडी तीन-साडेतीन मिनिटांत संपत असे. तासभर फुलणारा राग त्यांनी त्या चिमुकल्या अवकाशात बसविला, तोही त्याचा जीव न गुदमरता. एकाला यंत्राने कृपणपणे मोजून दिले, दुसऱ्याला सढळ हाताने. दोघांनाही तारले ते विवेकाने. ‘समबडी टू लव्ह’मध्ये आवाजांचे थर चढतात ते वैभव मिरविण्यासाठी नव्हे. एकट्याच्या हाकेला समुदायाने ओ द्यावी, ही त्या गीताचीच मागणी आहे. त्यातील एक ओळ दबक्या आवाजात सुरू होऊन वाढत जाते; ती इतकी साधी आहे की ऐकणाराही तीत नकळत सामील होतो.

तरी एक शंका उरते. आपल्याच आवाजाच्या प्रती काढून उभारलेला समुदाय खरा म्हणावा काय? तिचे उत्तर आम्हांस ‘मेड इन हेवन’ या १९९५ च्या अल्बममध्ये सापडते. एड्सने जर्जर झालेल्या मर्क्युरीने मे १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथील स्टुडिओत ‘मदर लव्ह’ हे गीत मुद्रित केले. शेवटचे कडवे त्याच्याने गाववले नाही. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला तो गेला. ते कडवे पुढे ब्रायन मे याने गायिले, स्वतःच्याच आवाजात. मर्क्युरीची नक्कल त्याने केली नाही. मातेच्या आसऱ्याची आस धरणाऱ्या या गीतात आवाज बदलतो तो क्षण ऐकताना, मरणाच्या वेळी आम्हांसाठी विनंती कर, असे पवित्र मरियेला रोज विनविणाऱ्या भाविकाला गहिवरून येईल. त्या मृत्यूकडे केवळ पापाचे फळ म्हणून बोट दाखविणाऱ्यांनी हे गीत एकदा ऐकावे. येथे समुदाय कोणत्याही युक्तीने उभा राहिलेला नाही. एकाचे अपुरे राहिलेले दुसऱ्याने उचलले आहे.

हा विषय आम्ही येथे मांडला तो आपल्या मराठी भक्तिगीतांच्या अल्बमांकडे पाहून. आज एका गायकाच्या आवाजाचा गायकवृंद संगणकावर घटकाभरात तयार होतो. परिश्रम सरले, तसा विवेकही सैलावला. अशी तयार गीते मिस्सेत लावली जाऊ लागली, की भाविक मुके होतात. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६३ च्या उपासनाविषयक घटनेत गायकवृंद जोपासण्यास सांगितले, आणि त्याच वाक्यात श्रद्धावंतांच्या सहभागाची अटही घातली. १९१७ मध्ये साताऱ्यास येऊन राहिलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक आमच्या पंथाचे नव्हेत. पण भजन-कीर्तनाच्या वाटेने त्यांनी हेच जाणले होते.

आमच्या गीतकारांनी स्टुडिओ अवश्य गाठावा. मात्र ध्रुवपद मुद्रित करण्यापूर्वी ते एका रविवारी चर्चमध्ये लोकांकडून गाऊन घ्यावे. शेवटच्या बाकावरील आजीच्या पट्टीत ते बसत नसेल, तर तेथे तंत्र नव्हे, चाल बदलावी.