‘न्याय्य वाटा’: संगणक-समूहाच्या परिभाषेतील एका संज्ञेची चिकित्सा

अनेक संगणक एकत्र जोडून उभारलेल्या समूहावर शेकडो संशोधकांची कामे एकाच वेळी येऊन पडतात. कोणते काम आधी चालवावे आणि कोणास किती प्रोसेसर द्यावे, याचा निर्णय नियोजक आज्ञावली करते. या व्यवहारात ‘फेअर-शेअर’, म्हणजे ‘न्याय्य वाटा’, ही संज्ञा आता इतकी रूढ झाली आहे, की तीत अनुस्यूत असलेल्या मूल्यविधानाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ही संज्ञा कोणत्या अर्थाने न्याय्य आहे, एवढाच येथे विवेच्य प्रश्न आहे.

संज्ञेचा उगम पाहिला असता तिचा मूळ हेतू स्पष्ट होतो. सिडनी विद्यापीठातील ज्युडी के व पिअर्स लॉडर यांनी 1988 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखविले, की तत्कालीन नियोजक प्रक्रियाप्रक्रियांमध्ये समता राखीत, माणसामाणसांमध्ये नव्हे. ज्याने अधिक प्रक्रिया सुरू केल्या त्यास यंत्राचा अधिक भाग मिळे. त्यांनी वाट्याचा धनी बदलला. प्रक्रियेच्या जागी वापरकर्ता आणला. हा बदल केवळ तांत्रिक नसून नैतिकही होता, आणि त्याचे श्रेय त्यांस दिलेच पाहिजे.

पुढे मात्र संज्ञा तीच राहिली आणि आशय पालटत गेला. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत जन्मलेल्या व 2002 पासून प्रचारात आलेल्या ‘स्लर्म’ या आज्ञावलीत कामाचा अग्रक्रम एका बेरजेने ठरतो. प्रतीक्षेचा काळ, कामाचा आकार, विभाग, सेवेचा दर्जा आणि न्याय्य वाटा यांसारख्या घटकांस शून्य ते एक असे मूल्य मिळते. प्रत्येकास एका भारांकाने गुणून सर्वांची बेरीज केली जाते. हे भारांक मात्र त्या त्या संस्थेचा व्यवस्थापक ठरवितो. न्याय्य वाट्याचा भारांक शून्य ठेवल्यास संज्ञा कागदावर उरते, परिणाम उरत नाही. पूर्वीच्या वापराचा विसर पडण्याची गतीही अशीच ठरविली जाते. मूळ योजनेत ती सात दिवसांची अर्धायू आहे. म्हणजे आज वापरलेले 1000 प्रोसेसर-तास आठवड्याने 500 आणि पंधरवड्याने 250 मोजले जातात. सात दिवसच का, याचे उत्तर गणितात नाही. तो धोरणाचा भाग आहे.

याहून गंभीर प्रश्न ‘फेअर ट्री’ या पद्धतीने उपस्थित होतो. स्लर्मच्या 19.05 या आवृत्तीपासून हीच पद्धत गृहीत धरली जाते. तीत दोन भावंड-खात्यांपैकी ज्याने आपल्या वाट्याच्या मानाने कमी वापर केला, त्याचे सर्व सदस्य दुसऱ्या खात्याच्या सर्व सदस्यांच्या पुढे जातात. हेतू उघड आहे: एका गटाच्या उधळपट्टीची झळ दुसऱ्या गटास लागू नये. परंतु परिणामी ज्या विद्यार्थ्याने अद्याप एकही काम पाठविलेले नाही, तो केवळ आपल्या गटाने अतिवापर केला म्हणून, या घटकापुरता तरी, शेजारच्या मितव्ययी गटातील सर्वांत खर्चिक संशोधकाच्याही मागे राहतो. के व लॉडर यांनी व्यक्तीस दिलेला न्याय येथे पुन्हा कुळाकडे गेला आहे. प्रबंधाची मुदत मात्र कुळास नसते, व्यक्तीस असते.

‘रांग’ हा शब्दही तितकाच फसवा आहे. आर्गोन प्रयोगशाळेत डेव्हिड लिफ्का यांनी 1995 मध्ये मांडलेल्या ‘बॅकफिल’ पद्धतीत मागील काम पुढे जाऊ शकते. दहा नोडांपैकी सहा आणखी चार तास व्यग्र आहेत आणि अग्रस्थानी असलेल्या कामास दहाही नोड हवे आहेत, असे समजावे. रिकाम्या चार नोडांवर तीन तासांचे छोटे काम चालविल्यास कोणाचेच नुकसान होत नाही. पाच तासांचे काम चालविल्यास होते. येथे सारी भिस्त वापरकर्त्याने सांगितलेल्या मुदतीवर असते. मुदत संपताच काम बंद पाडले जाते, म्हणून शहाणा वापरकर्ता ती फुगवून सांगतो. आणि फुगविल्यामुळे मिळू शकणारी फट गमावतो. प्रामाणिकपणा व सुरक्षितता यांत निवड करावयास लावणारी ही व्यवस्था तटस्थ म्हणता येणार नाही.

यावरून नियोजकच अन्याय्य आहे, असा निष्कर्ष काढणे अनुचित ठरेल. मर्यादित साधनांची वाटणी कोणत्या तरी नियमाने करावीच लागते, आणि बॅकफिलवाचून पुष्कळ नोड रिकामे पडून राहतील. आक्षेप आहे तो संज्ञेवर. मराठीत ‘रांग’ आणि ‘पाळी’ हे दोन शब्द भिन्न अर्थच्छटांचे आहेत. रांगेत आधी येणाऱ्याचा हक्क. पाळी मात्र पूर्वी ठरलेल्या नियमाने येते. पाटाच्या पाण्याची पाळी कोणाची, हे शेतकऱ्यास ठाऊक असते, म्हणूनच त्यास हरकतही घेता येते. समूहावरील व्यवहार रांगेचा नसून पाळीचा आहे. तेव्हा ज्या संस्था ‘न्याय्य वाटा’ हे नाव वापरतात, त्यांनी आपले भारांक, अर्धायू व खात्यांची वाटणी वापरकर्त्यांसमोर उघड मांडणे, ही त्या विशेषणाची किमान अट मानावी लागेल. ते न केल्यास ‘न्याय्य’ हा शब्द वर्णन न राहता केवळ आश्वासन ठरतो.