‘बेवडो’ शब्दाची व्युत्पत्ति

मालवणी बोलींत नित्य दारू पिणाऱ्यास ‘बेवडो’ म्हणतात. घाटावर व मुंबईंत त्याचेंच ‘बेवडा’ हें रूप चालतें. ह्या शब्दाची उपपत्ति पुष्कळदां अशी सांगण्यांत येते कीं, ‘बे’ म्हणजे दोन, यास्तव दोनदां गाळलेली दारू ती बेवडा, आणि ती पिणाराहि बेवडा. ही उपपत्ति ऐकण्यास गोड आहे. परंतु परीक्षेस टिकत नाहीं.

तेरेखोलची खाडी ओलांडून गोमंतकांत गेलें म्हणजे ह्याच अर्थीं ‘बेबदो’ शब्द ऐकूं येतो. स्त्रीस ‘बेबदी’ म्हणतात. ह्या रूपांतील दुसरा ब आणि दंत्य द यांची वाट ‘बे’ ह्या संख्येवरून लागत नाहीं. उलट पोर्तुगीज भाषेंत ‘बेबादो’ म्हणजे दारू प्यालेला. गोमंतकी रूप त्यास जवळजवळ अक्षरशः जुळतें. पोर्तुगीज शब्द आशियाई भाषांत किती शिरले आहेत, हें मोन्सिन्योर दालगादो यांच्या १९१३ सालच्या संग्रहावरून सर्वश्रुत आहे.

आतां द चा ड कसा झाला? पोर्तुगीज ‘बताता’चा आपण ‘बटाटा’ केला. परंतु ‘बाल्दे’ची ‘बादली’ करतांना द दंत्यच राखिला. तेव्हां हा नियम म्हणतां येत नाहीं, संभव म्हणतां येतो. दोन ब जवळ आले असतां दुसरा शिथिल होऊन त्याचा व होणेंहि सुलभ आहे. दारूचें ‘बेवडा’ हें नांव आधींच कानावर असल्यास त्यानेंहि ह्या रूपास आपल्याकडे ओढलें असेल. म्हणजे वरील उपपत्तीनें फार तर शब्दाचें वळण कळेल, मूळ कळणार नाहीं.

संस्कृतज्ञांस येथें दुसरा मोह पडतो. पोर्तुगीज शब्द लॅटिन ‘बिबितुस्’पासून निघाला, आणि त्याचा धातु आपल्या ‘पिबति’चा सगोत्र आहे. कृदन्त असून तो कर्तरि अर्थीं योजिला आहे. महाभाष्यांतील ‘पीता गावः’ ह्या उदाहरणाशीं त्याचें साम्य सहज लक्षांत येईल. तथापि ‘पिबति’वरून थेट ‘बेवडो’ साधणें म्हणजे चुलत्यास बाप म्हणण्यासारखें आहे.

अर्थाचाहि विचार केला पाहिजे. पोर्तुगीज शब्द त्या घटकेच्या नशेस लागतो, तसाच व्यसनासहि लागतो. मालवणींत दुसराच अर्थ उरला आहे. एखादे दिवशीं झिंगलेला मनुष्य तेवढ्यानें बेवडो ठरत नाहीं. वर्षानुवर्षांच्या संवयीनें गांव त्यास तें नांव देतो.

ह्यावरून पिणें फिरंग्यांनीं शिकविलें, असें अनुमान मात्र कोणीं काढूं नये. ह्या किनाऱ्यावर दारूस ‘सोरो’ म्हणतात, आणि तो ‘सुरा’ शब्दाचाच वंशज आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांतील वरुणसूक्तांत पापाच्या कारणांमध्यें सुरा, क्रोध व फांसे एकत्र गणिले आहेत. मनूनें सुरापान महापातकांत घातलें. वस्तु जुनी, तिचा निषेधहि जुना; पिणाऱ्याचें एक नांव तेवढें परकें. एका उसन्या शब्दावर समाजाच्या आचाराचा इतिहास रचणें युक्त नव्हे.