नकाशावरचं जवळ आणि पोचण्यातलं जवळ

मंडळी, आज आम्ही एका तांत्रिक पद्धतीची चिकित्सा करणार आहोत. तंत्रज्ञ म्हणून नव्हे, तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी म्हणून.

लोणी भापकरचं शिवार डोळ्यांसमोर आणा. बारामती तालुक्याचा एक भाग नीरा डाव्या कालव्यावर भिजतो. हा मात्र जिरायती पट्टा. पाण्याचा हिशेब चुकला की पीक गेलं. समजा, इथे जमिनीतली ओल मोजणारे शंभर-दीडशे सेन्सर बसवले. प्रत्येकाची बॅटरी लहान, हाक जेमतेम शेजाऱ्यापर्यंत पोचणारी. मग लांबच्या बांधावरची खबर गावातल्या संगणकापर्यंत न्यायची कशी?

ब्रॅड कार्प आणि एच. टी. कुंग यांनी २००० साली बिनतारी जाळ्यांसाठी जीपीएसआर नावाची पद्धत मांडली. सबंध रस्ता कुणीच पाठ करायचा नाही. स्वतःची जागा, शेजाऱ्यांच्या जागा आणि मुक्कामाची जागा एवढं ठाऊक असलं की पुरे. मुक्कामाला सर्वांत जवळ असलेल्या शेजाऱ्याच्या हाती निरोप द्यायचा. पण आपल्याहून पुढे शेजारीच नसेल तर? तर मधली पोकळी उजव्या हाताला ठेवून कडेकडेनं जायचं. पुष्करणीला प्रदक्षिणा घालावी तसं. पुढे सरकलो की पुन्हा सरळ वाट.

या पद्धतीचे दोन गुण मान्य केलेच पाहिजेत. एक, जाळं कितीही वाढलं तरी प्रत्येकाला लक्षात ठेवायचं ते शेजाऱ्यांपुरतंच. दुसरा आम्हाला जास्त मोलाचा वाटतो: इथे पत्ता म्हणजे जागा. शेतकरी ‘सतरा नंबरचा सेन्सर काय म्हणतो’ असं विचारत नाही. ‘ओढ्याकडच्या तुकड्यात ओल किती’ असंच विचारतो.

आमचा आक्षेप आहे तो ‘जवळ’ या शब्दावर. नकाशावर जो जवळ, तो हाकेलाही जवळ, असं ही पद्धत धरून चालते. प्रत्यक्षात तसं नसतं. पेरणीच्या दिवशी ऐकू येणारा शेजारी ज्वारी निसवल्यावर ऐकू येईनासा होऊ शकतो, कारण ओली पानं रेडिओलहरी शोषून घेतात. जागा तसूभरही हलली नाही, पण नातं तुटलं! २००५ साली किम, गोविंदन, कार्प आणि शेंकर यांनी दाखवून दिलं, की खऱ्या रेडिओवर हे गृहीतक मोडतं आणि प्रदक्षिणेला निघालेला निरोप कधी कधी मुक्कामी पोचतच नाही. आणि बघा, या चौघांतले कार्प मूळ पद्धतीचे कर्तेच. विद्येची वाट अशीच असावी.

आपल्या वैशेषिकांनी परत्व-अपरत्व, म्हणजे दूरपण आणि जवळपण, हे गुण मानले. मध्ये मूर्त पदार्थांचे संयोग जास्त असले तर वस्तू दूर, कमी असले तर जवळ. अंतर मोजायचं ते मधल्या संयोगांवरून! २००३ साली राव, रत्नसामी, पापादिमित्रिऊ, शेंकर आणि स्टॉइका यांनी याच्याशी जुळणारी दिशा धरली. खऱ्या जागा बाजूला ठेवायच्या आणि कोण कुणाला ऐकू येतो, यावरून सगळ्यांना कल्पित जागा द्यायच्या. आम्हाला हा विचार अधिक खरा वाटतो. पण त्याचीही किंमत आहे: कल्पित जागेवरून ओढ्याकडचा तुकडा कोणता ते कळत नाही. तेव्हा खबर कुठली, हे सांगायला खरी जागा हवी. ती कोणत्या वाटेनं न्यायची, हे ठरवायला नातं हवं. दोन्ही कामं एकाच शब्दावर सोपवली, तिथे घोटाळा झाला.

हा नुसता शब्दांचा कीस नाही बरं का. पोकळीच्या कडेला असलेल्यांवर इतरांचेही निरोप वाहण्याचा बोजा पडतो. त्यांच्या बॅटऱ्या आधी संपतात, पोकळी आणखी रुंदावते आणि तिच्या काठचा तुकडा मुका होतो. संगणकापुढे बसलेल्याला वाटतं, तक्रार नाही म्हणजे ओल ठीक आहे. तिकडे पीक सुकत असतं.

म्हणून सेन्सर बसवायला कुणी आलं, तर किती बसवणार एवढंच विचारू नका. पीक उभं असताना कोणता तुकडा बोलायचा थांबला, हे आम्हाला कसं कळणार, तेही विचारा.