शहरांची बदनामी आणि तिचा निवाडा

"एकदा कानफाट्या नाव पडले की पडले" ही म्हण माणसांना उद्देशून आहे. परंतु ती गावांना अधिक लागू पडते, असे मला वीस-बावीस वर्षांच्या वकिलीनंतर वाटू लागले आहे. माणसाला गाव सोडता येते, प्रसंगी नावही बदलता येते. गावाला मात्र आपल्या जागेवरून हलता येत नाही, आणि त्याचे नाव तेथे राहणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळी चिकटते.

प्रथम माझ्याच पदरचा एक दोष सांगतो. उमेदवारीच्या दिवसांत एका जागेच्या दाव्यात विरुद्ध पक्षाच्या एका वयस्क बाईची मी उलटतपासणी घेतली. तिच्या जबानीत मोडण्यासारखे काही सापडेना. शेवटी मी एवढेच विचारले, "आपण राहता कोठे?" तिने गल्लीचे नाव सांगितले. त्या गल्लीची ख्याती साऱ्या गावाला ठाऊक होती. कोर्टात कुजबुज झाली. मी "आणखी काही विचारायचे नाही" असे म्हणून खाली बसलो. दावा आम्ही जिंकलो. बाहेर व्हरांड्यात ती बाई मला म्हणाली, "वकीलसाहेब, मी खोटं कुठं बोलले?" तिच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. पुढे अमेरिकन शहरांच्या कीर्ती-अपकीर्तीविषयी जे जे वाचनात आले, ते मी या प्रश्नाच्या उजेडात वाचले, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

अमेरिकेचेच उदाहरण घेण्याचे कारण असे की, तेथे शहराची बदनामी उघड्यावर घडते. वृत्तपत्राचा मथळा, छायाचित्र, गुन्ह्यांची आकडेवारी, सरकारी नकाशा, न्यायालयाचा निकाल अशी प्रत्येक पायरीची नोंद मागे राहते. आपल्याकडे जे कुजबुजीत विरून जाते, ते तेथे दप्तरी सापडते.

या दप्तरातला पहिला कागद कायद्याचा आहे. शहर कफल्लक, दिवाळखोर झाले आहे अशा आशयाचा मजकूर 'शिकागो ट्रिब्यून' या पत्राने छापला, म्हणून शिकागो शहराने त्या पत्रावर १ कोटी डॉलरांचा अब्रूनुकसानीचा दावा लावला. १९२३ साली इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो चालण्याजोगा नाही असा निर्णय दिला. ज्या राज्यव्यवस्थेत शासनावर टीका करण्याचा हक्क लोकांना आहे, तेथे शासनाच्या अब्रूसाठी कोणाला दंड करता येणार नाही, हे त्याचे सार. १९६४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सलिव्हन खटल्यात याच निकालाचा आधार घेतला. अलाबामातील माँटगोमेरी शहराच्या एका आयुक्ताने, आपले नावही नसलेल्या एका जाहिरातीबद्दल 'न्यूयॉर्क टाइम्स'विरुद्ध ५ लाख डॉलरांचा हुकूमनामा मिळविला होता. तो रद्द झाला. जाहिरातीत काही तपशिलाच्या चुका होत्या, हे खरे. परंतु त्या चुकांच्या आडोशाने पोलिसांच्या दडपशाहीविषयीची सारी चर्चाच बंद पाडण्याचा तो डाव होता.

वकील या नात्याने मला हे दोन्ही निकाल योग्य वाटतात. मात्र त्यांचा एक परिणाम नजरेआड करता येत नाही. शहराला अब्रू आहे, पण ती राखण्यासाठी दाद मागण्याचे ठिकाण नाही. त्याचा खटला चावडीवर चालतो. तेथे साक्षीपुराव्याचा कायदा नाही आणि अपिलाची सोयही नाही.

या चावडीवर पुरावा कसा येतो, ते क्लीव्हलँडच्या प्रकरणात पाहण्यासारखे आहे. २२ जून १९६९ रोजी त्या शहरातून वाहणाऱ्या कायाहोगा नदीवरील तेलाच्या तवंगाने पेट घेतला. अर्ध्या तासाच्या आत आग विझली. रेल्वेच्या दोन पुलांचे मिळून सुमारे ५० हजार डॉलरांचे नुकसान झाले. आग इतकी अल्पजीवी होती की तिचे छायाचित्रही कोणाला टिपता आले नाही. 'टाइम' साप्ताहिकाने पुढे या नदीवर लेख छापला, तेव्हा त्यात जळणाऱ्या नदीचे जे चित्र दिले ते १९५२ सालच्या, कितीतरी मोठ्या आगीचे होते. जळती नदी असलेले शहर म्हणून क्लीव्हलँड जगभर हसण्याचा विषय झाले. वस्तुतः नदीच्या शुद्धीकरणासाठी १० कोटी डॉलरांचे कर्जरोखे तेथील मतदारांनी आगीच्या आदल्या वर्षीच, १९६८ साली, मंजूर केले होते. दोष दूर करायला शहर निघाले, आणि नेमकी तेव्हाच त्याच्या जुन्या दोषाला प्रसिद्धी मिळाली.

येथे टीकाकाराने घाई करू नये. छायाचित्र चुकीच्या सालाचे होते, म्हणून आरोप खोटा ठरत नाही. ती नदी शंभर वर्षांत अनेकदा पेटली होती. कारखान्यांनी तिचे गटार केले होते आणि ते कोणी मनावर घेतले नव्हते. १९७२ च्या स्वच्छ जल कायद्यामागे जे लोकमत उभे राहिले, त्यात या बदनामीचाही वाटा आहे. महापौर कार्ल स्टोक्स यांनी आग झाकली नाही. दुसऱ्याच दिवशी ते पत्रकारांना नदीकाठी घेऊन गेले. ज्या बदनामीने नदी निवळते ती सोसावी, असे त्यांनी मानले असावे. नदीत आज पुन्हा मासे आहेत. बाहेरच्यांचे विनोद मात्र नदीपेक्षा फार सावकाश निवळले.

तेव्हा बदनामी दोन प्रकारची असते. लिंकन स्टेफन्स या पत्रकाराचा 'द शेम ऑफ द सिटीज' हा लेखसंग्रह १९०४ साली निघाला. सेंट लुई, मिनिआपोलिस, पिट्सबर्ग, फिलाडेल्फिया, शिकागो व न्यूयॉर्क ही सहा शहरे त्याने पिंजऱ्यात उभी केली. या पुस्तकाचे सामर्थ्य असे की, त्यात आरोपी नेमके आहेत. कोणत्या पुढाऱ्याने कोणता मक्ता कसा विकला हे तो सांगतो, आणि हे सारे चालू देणाऱ्या प्रतिष्ठित नागरिकालाही तो सोडत नाही. त्याच्या मते लाज वाटायला हवी ती सुस्थितीतल्या मतदाराला. बदनामीचे बोट येथे वर, सत्तेकडे, रोखलेले आहे.

न्यूयॉर्कच्या १९७५ मधील बदनामीत ते बोट कोठे होते? शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आले होते आणि हजारो पोलिसांना कामावरून कमी करण्याचे घाटत होते. तेव्हा पोलिसांच्याच संघटनांनी मानवी कवटीचे चित्र असलेले एक पत्रक काढले. हे भयनगर आहे, संध्याकाळी सहानंतर पायी फिरू नका, भुयारी रेल्वेने जाऊ नका, असा उपदेश त्यात प्रवाशांना केलेला होता. गुन्हे वाढले होते, यात शंका नाही. तथापि ज्याची नोकरी या भीतीवर अवलंबून आहे, त्याची साक्ष कोणताही न्यायाधीश जपूनच स्वीकारील. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला 'डेली न्यूज'ने, अध्यक्ष फोर्ड यांनी शहराला "मरा" असे सांगितले, अशा अर्थाचा मथळा दिला. फोर्ड यांनी ते शब्द कधीच उच्चारले नव्हते. डिसेंबरात शहराला कर्जाऊ मदत देणाऱ्या कायद्यावर त्यांनीच सही केली. ती सही कोणाच्या स्मरणात नाही. मथळा मात्र सर्वांना पाठ आहे.

येथवर जे सांगितले त्यात दुखावला गेला तो शहराचा अभिमान. आता याहून गंभीर गोष्टीकडे वळतो. बदनामी कागदावरून नकाशावर, आणि नकाशावरून कायद्यात उतरते, तेव्हा ती लोकांची घरे घेते.

१९३३ साली स्थापन झालेल्या गृहकर्ज महामंडळाने १९३५ नंतर दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे तयार केले. उत्तम वस्ती हिरवी, त्याखालची निळी, उतरणीला लागलेली पिवळी आणि धोक्याची लाल. घरांची अवस्था पाहिली जात होतीच. पण कृष्णवर्णीयांची वस्ती असणे हेही लाल रंगाला पुरेसे कारण होत असे. संघ सरकारच्या गृहनिर्माण प्रशासनाने कर्जाच्या हमीबाबत हीच दृष्टी ठेवली. कर्ज नाही, म्हणून दुरुस्ती नाही. दुरुस्ती नाही, म्हणून वस्ती मोडकळीला आलेली. आणि मोडकळीला आली, म्हणून नकाशा खरा! फिर्यादीनेच पुरावा निर्माण करावा, असा हा प्रकार होता. १९६८ च्या कायद्याने असा भेदभाव बेकायदेशीर ठरविला, तोपर्यंत एक पिढी उलटून गेली होती.

१९५४ चा बर्मन विरुद्ध पार्कर हा निकाल मी जितक्यांदा वाचला, तितक्यांदा मला ती व्हरांड्यातली बाई आठवली. वॉशिंग्टनच्या नैर्ऋत्य भागातील वस्ती पाडून नवी उभारण्याचे ठरले. तेथील एका दुकानाच्या मालकांचे म्हणणे साधे होते. आमचे दुकान झोपडपट्टी नाही. मग ते का घेता? सर्वोच्च न्यायालयाने एकमताने उत्तर दिले की, विचार साऱ्या विभागाचा करायचा असतो, एकेका इमारतीचा नव्हे. निकालपत्रातच नोंद आहे की, त्या टापूत ५०१२ माणसे राहत होती आणि त्यांपैकी ९७.५ टक्के कृष्णवर्णीय होती. ६४.३ टक्के घरे दुरुस्तीपलीकडे गेलेली होती, हेही त्यात आहे, आणि ते लपवून माझा युक्तिवाद बळकट होणार नाही. पण उरलेल्यांचे काय? त्यांनी खोटे कुठे बोलले होते? त्यांचा पत्ता तेवढा चुकीचा होता.

जेन जेकब्ज यांचे अमेरिकन महानगरांच्या मरणाजगण्याविषयीचे १९६१ मधील पुस्तक मला मोलाचे वाटते, ते याच ठिकाणी. बॉस्टनच्या नॉर्थ एंड या वस्तीविषयी त्या लिहितात. नगररचनाकारांच्या दप्तरी ती गलिच्छ वस्ती. बँका तिला कर्ज देत नसत. प्रत्यक्षात रहिवाशांनी स्वतःच्या पुंजीतून आणि एकमेकांच्या श्रमांतून घरे सुधारलेली. मृत्यूचे आणि गुन्ह्यांचे प्रमाण कमी. तज्ज्ञाला हे आकडे ठाऊक होते, तरी वस्ती गलिच्छ हे त्याचे मत कायम होते. शेजारच्या वेस्ट एंडला असा साक्षीदार वेळेवर मिळाला नाही. १९५८ नंतरच्या दोन-तीन वर्षांत ती वस्ती भुईसपाट झाली. जेकब्जबाईंना रस्त्यावरच्या जीवनाचे थोडे अधिकच प्रेम आहे, आणि वर्णभेदाचा प्रश्न त्यांनी द्यावे तेवढे महत्त्व देऊन मांडलेला नाही, ही उणीव मान्य करूनही त्यांचा धडा मोठा आहे. नाव ऐकून निकाल देऊ नका, जागेवर जाऊन पाहा.

आता नाव धुऊन काढण्याचे मार्ग पाहू. पहिला मार्ग दोष काढण्याचा. पिट्सबर्गमध्ये धुरामुळे भर दुपारी रस्त्यांवर दिवे लावावे लागत. १९४१ चा धूरबंदीचा नियम महायुद्धामुळे लांबला. महापौर डेव्हिड लॉरेन्स यांच्या कारकीर्दीत, १९४७ पासून, तो घरोघरच्या चुलींनाही लागू झाला, आणि आकाश दिसू लागले. हे निर्विवाद पुण्य. पण त्याच पुनरुज्जीवनाच्या नावाखाली लोअर हिल ही कृष्णवर्णीयांची वस्ती १९५६ पासून पाडण्यात आली, सुमारे ८ हजार लोक विस्थापित झाले आणि त्या जागी १९६१ साली भव्य क्रीडागार उभे राहिले. ते क्रीडागारही पुढे पाडले गेले. १९८५ साली एका प्रसिद्ध वार्षिकाने राहण्यास उत्तम म्हणून पिट्सबर्गला पहिला क्रमांक दिला. त्याच सुमारास पोलादाचे कारखाने एकामागून एक बंद पडत होते. चांगले नावही अर्धीच गोष्ट सांगते.

दुसरा मार्ग जाहिरातीचा. १९७७ साली मिल्टन ग्लेझर यांनी न्यूयॉर्कवरील प्रेमाचे, हृदयाच्या आकृतीचे ते सुप्रसिद्ध चिन्ह रेखाटले. कलाकृती म्हणून ते सुंदर आहे. परंतु खुनांची संख्या त्यानंतरही वाढतच गेली आणि १९९० साली २२४५ झाली. २०१८ साली ती २९५ वर आली होती; तिच्या कारणांविषयी तज्ज्ञांत एकमत नाही, पण चिन्हाला श्रेय कोणीही देत नाही.

तिसरा मार्ग कबुलीचा, आणि तोच मला खरा वाटतो. केनेडींच्या हत्येनंतर डॅलस हे द्वेषाचे शहर ठरले. ज्या इमारतीतून गोळ्या झाडल्या गेल्या ती पाडून टाकावी असे अनेकांना वाटे. ती पाडली नाही. १९८९ साली तिच्या सहाव्या मजल्यावर संग्रहालय उघडले. बर्मिंगहॅमची कथा याहून कठोर आहे. १५ सप्टेंबर १९६३ रोजी तेथील चर्चमध्ये झालेल्या स्फोटात चार मुली ठार झाल्या. त्या शहराची छायाचित्रे कोणत्याही जुन्या सालाची नव्हती; मुलांवर सोडलेले पाण्याचे झोत आणि कुत्री त्याच वर्षीची होती. १९९२ साली त्या चर्चसमोर नागरी हक्कांची संस्था उभी राहिली. तथापि माझ्या मते शहराने आपले नाव धुतले ते न्यायालयात. एका आरोपीला १९७७ साली, दुसऱ्याला २००१ साली आणि तिसऱ्याला २००२ साली शिक्षा झाली. अडतीस-एकोणचाळीस वर्षांचा हा विलंब लाजिरवाणा आहे. पण त्यामुळे दोष गावाच्या कपाळावरून उतरून ज्यांचा होता त्यांच्या नावे लागला.

बदनामीचा न्याय्य शेवट याहून वेगळा असू शकत नाही. ती पुसायची नसते, योग्य पत्त्यावर पोचवायची असते. स्टेफन्सने तिला सत्तेच्या दाराशी नेले. लाल नकाशाने ती भाडेकरूच्या दाराशी टाकली. यापुढे एखाद्या शहराचे, वस्तीचे, गल्लीचे नाव ऐकून ओठांवर हसू आले, तर ही बातमी कोणी दिली, कोणत्या सालची आहे आणि तिचा लाभ कोणाला, एवढे तीन प्रश्न आपण स्वतःला विचारावेत. त्या दिवशी मी ते विचारले असते, तर दावा कदाचित हरलो असतो. तो हरायलाच हवा होता.