हॉवेल्सचा वास्तववाद आणि कडवटपणाचा आरोप

विल्यम डीन हॉवेल्स (१८३७–१९२०) हा अमेरिकन वास्तववादाचा मोठा पुरस्कर्ता. ओहायोतल्या एका मुद्रकाचा हा मुलगा बालपणीच छापखान्यात खिळे जुळवू लागला. पुढे ‘अटलांटिक मंथली’चा संपादक झाला. ‘द राइज ऑफ सायलस लॅपहॅम’ (१८८५) या कादंबरीत त्याने रंगाच्या धंद्यात श्रीमंत झालेल्या माणसाची नैतिक कसोटी रंगवली. १८८७ साली शिकागोच्या हेमार्केट खटल्यातील आरोपींना फाशी देऊ नये, असे त्याने वृत्तपत्रातून जाहीरपणे सांगितले. प्रतिष्ठित लेखक गप्प असताना दाखवलेले हे धैर्य मी नाकारत नाही.

परंतु त्याच्या समीक्षेची खरी परीक्षा काळ्या लेखकांच्या संदर्भात होते. पॉल लॉरेन्स डनबार हा गुलामीतून सुटलेल्या आईबापांचा मुलगा, डेटन शहरात लिफ्ट चालवणारा. १८९६ साली हॉवेल्सने त्याच्या कवितेचा गौरव केला आणि डनबार देशभर गाजला. मात्र गौरव होता मुख्यतः बोलीतल्या कवितांचा. प्रमाण इंग्रजीतल्या त्याच्या कविता दुय्यम ठरल्या. या कौतुकाने आपले नुकसानच झाले, अशी व्यथा डनबारने पुढच्याच वर्षी पत्रातून व्यक्त केली.

चार्ल्स चेस्नटच्या कथांचीही हॉवेल्सने १९०० साली स्तुती केली. मग चेस्नटने ‘द मॅरो ऑफ ट्रॅडिशन’ (१९०१) ही कादंबरी लिहिली. तिला आधार होता १८९८ च्या विल्मिंग्टनचा. तिथे गोऱ्या जमावाने काळ्यांची कत्तल केली होती आणि निवडून आलेला नगरकारभार उलथवला होता. या कादंबरीची न्याय्य बाजू हॉवेल्सला मान्य होती. पण ती त्याला कडवट वाटली!

मी विचारतो, कडवट काय होते? कादंबरी की कत्तल?

हॉवेल्स दुष्ट नव्हता. १९०९ साली काळ्यांच्या हक्कांसाठी निघालेल्या, ज्यातून एनएएसीपी उभी राहिली त्या आवाहनावर त्याची सही आहे. म्हणूनच त्याची मर्यादा अधिक बोधप्रद ठरते. जीवन जसे आहे तसे लिहा, असे सांगणाऱ्यालाही शोषिताने आपले जीवन तसेच लिहिलेले सोसवले नाही. कारण ‘जसे आहे तसे’ म्हणजे किती, हे मोजण्याचे माप त्याने आपल्याच हाती ठेवले होते.

दलित साहित्यालाही आक्रस्ताळे, कडवट म्हटले गेले. असे म्हणणाऱ्यांत आपले हितचिंतकही होते. त्यांची सहानुभूती आपण जरूर स्वीकारावी. त्यांचे माप मात्र स्वीकारू नये.